लेकराचा ‘नको’



या वेळच्या पत्रात उत्सवाचं वृत्त नाही, सेवेची यादी नाही. एकच विषय घेतला आहे आणि तो थोडा जड आहे. आपापल्या घरच्या ग्रुपवर टाका. आजी-आजोबांना बारीक अक्षर दिसत नसेल तर वाचून दाखवा. मुलांसमोर मात्र वाचू नका. त्यांच्याशी काय बोलायचं ते पुढे वेगळं लिहिलं आहे.

प्रश्न साधा आहे. मोठ्या माणसाला ‘नको’ म्हणणारं मूल उद्धट असतं का?

आपल्यापैकी बहुतेकांनी आजवर ‘हो’ असंच उत्तर दिलं असेल. आम्हीही दिलं होतं. “काकांना पापी दे.” “मामांच्या मांडीवर बस, लाजतोस काय?” “सेवेकरी दादा बोलावतायत, जा पटकन.” मूल मागे सरकलं की आपण ओशाळून हसतो आणि समोरच्याला म्हणतो, जरा हट्टीच आहे. मूल ऐकतं याला आपण संस्कार म्हणतो. बालसंस्कार वर्गातही पहिली शिकवण तीच असते, मोठ्यांचं ऐकावं.

ही शिकवण खोटी नाही. पण ती अर्धी आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कसं कळलं ते आधी सांगतो.

*आमच्याच मंडळात काय झालं*

मुलाची ओळख पटेल असं इथे काही लिहिणार नाही. कायद्यानेही ते लिहायचं नसतं. आठ-नऊ वर्षांचं एक लेकरू, एवढंच समजा.

बेलूरची आपली घरं कशी आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. आई-वडील दोघंही इंडस्ट्रियल एरियात. एकाची फर्स्ट शिफ्ट, एकाची सेकंड. मधले दोन-तीन तास मूल शेजाऱ्यांकडे, आज्जीकडे, नाहीतर मंडळात. मंडळ म्हणजे दुसरं घर, असं आपणच सगळ्यांना सांगत आलो.

हे लेकरू रविवारच्या वर्गाला आनंदाने यायचं. मग एकदम यायचं बंद झालं. रविवार उजाडला की पोटात दुखायचं. आम्ही म्हणालो, नाटकं आहेत. आमच्यातल्या एक काकू घरी जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आल्या. वर्गात ते भिंतीला टेकून गप्प बसून राहिलं. आम्ही म्हणालो, आता शिंगं फुटली.

महिनाभराने डोक्याला तेल लावून घेताना ते आज्जीला म्हणालं, “ब्याड. तिकडे नको.” गल्लीत खेळून आपली मुलं निम्मं कन्नड बोलतात. आज्जी दचकली नाही, ओरडली नाही. तेल लावत राहिली आणि हळूच विचारलं, कुठे नको रे बाळा? मग ते थोडं थोडं बोललं. सामानाची खोली. आणि एका जुन्या सेवेकऱ्याचं नाव, ज्यांना आम्ही सगळे वडिलांसारखं मानत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सात-आठ जण बसलो. तिथे जी वाक्यं बोलली गेली ती लपवत नाही. “ते तसे नाहीत हो, वीस वर्षं ओळखतो.” “मुलं मोबाईल बघून काहीही बोलतात.” “पोराचंच नाव खराब होईल, पुढचा विचार करा.” “मंडळाचं काय होईल?” “त्यांना गुपचूप सेवेतून कमी करू, बाहेर बोलायला नको.”

म्हणजे ‘नको’ आम्हीही म्हणत होतो. पण ते मंडळाचं नाव राखायला.

दोन दिवस आम्ही गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी अंगणवाडीत काम करणाऱ्या आमच्या एक अक्का म्हणाल्या, “तुम्ही फोन करत नसाल तर मी करते. कळून गप्प बसणं हाच गुन्हा आहे.” त्यांनी १०९८ ला फोन लावला. पुढे पोलिसांतल्या बाई अधिकारी साध्या साडीत घरी आल्या आणि आज्जीच्या शेजारी बसून मुलाशी बोलल्या. प्रकरण आता न्यायालयात आहे, त्याबद्दल आणखी लिहिणं बरोबर नाही. निकाल काय तो न्यायालय देईल.

ते दोन दिवस मात्र आमचे आहेत. त्यांचा हिशेब आम्हालाच द्यायचा आहे. म्हणून हे पत्र.

*भीती कुठल्या दाराशी, धोका कुठल्या खोलीत*

मुलांची काळजी म्हटली की आपल्या ग्रुपवर काय येतं? “मुलं पळवणारी टोळी आली आहे, सगळ्यांना पाठवा.” २०१८ साली असेच मेसेज देशभर फिरत होते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, नाथांचं नाव घेत गावोगाव फिरून पोट भरणारे. दोनच आठवड्यांत आपल्या कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात, मुलांना चॉकलेट दिली एवढ्यावरून हैदराबादहून आलेल्या एका तरुण इंजिनियरचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी कुणी मूल पळवलेलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

अनोळखी माणसापासून धोका नसतो, असं आम्ही म्हणत नाही. १३ एप्रिल २०२५ चा रविवार हुबळी-धारवाडचा माणूस विसरणार नाही. घरकाम करणाऱ्या आईच्या पाच वर्षांच्या मुलीला एकाने उचलून नेलं आणि तिचा जीव घेतला. लोक रस्त्यावर उतरले, पोलीस ठाण्यापुढे गर्दी झाली. राग खरा होता. पण कामावर गेलेल्या आईचं मूल त्या वेळेत कोणाच्या नजरेत असतं, हा प्रश्न त्यानंतर किती वठारांनी बसून सोडवला? आम्ही तरी सोडवला नव्हता.

आणि बहुतेक वेळा धोका अनोळखी नसतोच. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अहवाल काढला. त्यासाठी १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. ‘आपल्याला मुलगाच आहे, काळजी नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आपल्यासारख्या गुरुभक्तांनी आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने एका मोठ्या आश्रमाच्या प्रमुखाला अल्पवयीन शिष्येवरच्या अत्याचाराबद्दल जन्मठेप दिली. त्या मुलीचे आई-वडील त्याच आश्रमाचे निष्ठावान भक्त होते. त्यांच्या श्रद्धेत खोट नव्हती. ज्या दाराला आपण कुलूप लावायचा विचारही करत नाही, त्याच दारातून धोका आला.

*बदलापूरने काय शिकवलं*

आपल्या कितीतरी घरांतली माणसं कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडे नोकरीला आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत साधारण चार वर्षांच्या दोन मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद होत्या. हे सगळ्यांना आठवतं.

पण मुळात ते कळलं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही. एका मुलीने घरी सांगितलं की दुखतंय. घरच्यांनी तिला गप्प केलं नाही. त्यांनी तिच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलीच्या घरी विचारलं. तेव्हा समजलं की तीही शाळेत जायला घाबरते आहे. एका घराने ऐकलं आणि दुसऱ्या घराला विचारलं, म्हणून ते बाहेर आलं.

पुढे काय झालं? तक्रार नोंदवून घेण्यात तासन्‌तास गेले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेला कळूनही तिने पोलिसांना का कळवलं नाही, पोलिसांनी उशीर का केला, असं खडसावून विचारलं. त्याच प्रकरणात न्यायालय असंही म्हणालं की सगळी बंधनं मुलींवरच कशाला, मुलग्यांना लहानपणापासून चूक-बरोबर शिकवा. हे शेवटचं आपल्या घराला फार लागू आहे. दुसऱ्याचा ‘नको’ ऐकून थांबायचं, हे मुलग्याला कोण शिकवणार? आपणच.

बदलापूरचा आरोपी खटला चालण्याआधीच पोलिसांच्या गोळीने मेला. हुबळीचा आरोपीही त्याच दिवशी पोलिसांच्या गोळीने मेला. पुष्कळांना वाटलं, हिशेब संपला. आम्हालाही त्या रात्री तसंच वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आई त्याच कामाला निघते आणि तेच मूल त्याच अंगणात एकटं खेळतं. राखण रोजची असते, ती रागाने होत नाही.

*प्रह्लाद आणि गोरोबाकाका*

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलाने ‘नको’ म्हणणं आपल्या संस्कारात बसतं का?

रविवारच्या वर्गात आपण प्रह्लादाची गोष्ट सांगतो. ती नीट आठवा. एका बाजूला बाप, तोच राजा, आणि शिकवायला ठेवलेले गुरुजीही त्याच्याच बाजूचे. दुसऱ्या बाजूला एक लहान मुलगा. सगळे मोठे एकच सांगतायत आणि तो एकटा ‘नाही’ म्हणतो. आपण त्याला हट्टी म्हणत नाही, भक्तश्रेष्ठ म्हणतो. नचिकेत बापाला यज्ञातच विचारतो, तुम्ही हे काय दान देताय? त्यालाही आपण उद्धट म्हणत नाही. म्हणजे मोठा सांगतो म्हणून ते बरोबर, असं आपल्या परंपरेने मानलेलं नाही. आपण मात्र देवळात प्रह्लादाला हार घालतो आणि घरी आल्यावर त्याच वयाच्या पोराला म्हणतो, उलट बोलू नकोस.

दुसरी गोष्ट गोरोबाकाकांची. संत जमले होते. मुक्ताईने थापटणं दाखवून विचारलं, हे काय? गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं. मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र कुरकुरले, आणि त्यांना कच्चं ठरवलं. ही गोष्ट आम्ही कितीतरी वेळा सांगितली असेल. सहन करतो तो पक्का, ओरडतो तो कच्चा.

हल्ली ती सांगताना आम्ही थांबतो. ती परीक्षा मोठ्या माणसांची होती, अहंकाराची होती, चारचौघांत झाली होती. तिचा अर्थ आपण नकळत लेकरांना लावला. दुखलं तरी बोलायचं नाही, बोललास तर तू कच्चा. बंद खोलीत ज्याला मुलाला गप्प ठेवायचं असतं, त्याला याहून सोयीची शिकवण कुठली मिळणार? म्हणून आता आम्ही वर्गात पुढचा भागही आवर्जून सांगतो. तेच नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसले, तर नामदेव गप्प बसले नाहीत. असं कसं, म्हणून विचारलं. त्या विचारण्यातूनच त्यांना गुरू मिळाला. खऱ्या गुरूला शिष्याच्या प्रश्नाची भीती वाटत नाही.

आपण म्हणतो, देह हे देवाचं घर. मग लेकराचा देहही देवाचंच घर ना? देवळाच्या गाभाऱ्यात कुणीही, कधीही, पायताणासकट शिरत नाही. मुलाच्या अंगाला तेवढी तरी मर्यादा असावी. तिचं दार म्हणजे त्याचा ‘नको’. ते दार आपणच लहानपणी मोडून ठेवलं, तर पुढे संकटात ते लागणार कसं? पापी नको म्हणताना ज्याचं कुणी ऐकलं नाही, ते मूल सामानाच्या खोलीतलं सांगायला येईल का?

*“मग सगळ्यांवर संशय घ्यायचा का?”*

हा प्रश्न आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त विचारला गेला. वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या माणसाला वाईट वाटेल, प्रेमात नियम कशाला, असं लोक म्हणाले.

दूध आपण गाळून घेतो. गवळ्यावर संशय असतो म्हणून नाही, रोजचं दूध गाळायचंच असतं म्हणून. नियम एकट्याला लावला तर तो अपमान होतो. सगळ्यांना सारखा लावला तर ती रीत होते. दोन मोठ्यांनी मिळून वर्ग घ्यायचा, हा नियम मुलाला राखतो आणि चांगल्या सेवेकऱ्यालाही राखतो, कारण त्याच्यावर खोटा आळ यायला जागाच राहत नाही.

सगळ्यांना म्हणजे किती जणांना? हे विचारायला आम्ही घाबरत होतो. शेवटी गुरुदेवांपुढेच विषय काढला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, नियम लिहाल त्यात पहिलं नाव माझं लिहा. त्या गुरुवारपासून मुलांना भेटायची त्यांची जागा आतल्या खोलीतून ओसरीवर आली. आता मूल पुढे जातं तेव्हा त्याची आई शेजारी असते आणि सगळ्यांना दिसतं.

“तक्रार खोटी निघाली तर?” असंही विचारलं गेलं. खरं-खोटं ठरवणं आपलं काम नाही. त्याची यंत्रणा वेगळी आहे. मोठ्या माणसाने जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर त्यालाही कायद्यात शिक्षा आहे. आपलं काम मुलाचं म्हणणं योग्य ठिकाणी पोचवणं, इतकंच.

“मुलं निरागस आहेत, त्यांच्या डोक्यात हे कशाला?” शेगडी गरम असते, वायरला हात लावू नये, हे आपण दोन वर्षांच्या मुलाला सांगतोच. ते घाबरत नाही, शहाणं होतं. हेही तसंच, साध्या आवाजात सांगायचं.

*घरी काय करायचं*

१) आंघोळ घालताना अवयवांची नावं सांगा. चड्डी-बनियनच्या आतली जागा आपली स्वतःची. तिथे कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, आपल्याला दुसऱ्याच्या तिथे हात लावायला सांगायचं नाही. लहान असताना आई-आज्जी स्वच्छ करतात, आणि डॉक्टर तपासतात तेव्हा आई-बाबा जवळ असतात. बाकी कुणी नाही. चाइल्डलाइनने काढलेली ‘कोमल’ ही छोटी कार्टून फिल्म मुलांसोबत बसून बघा, बोलणं सोपं जातं.

२) पापी, मिठी, मांडी यांची सक्ती बंद करा. पाहुण्यांना लांबून नमस्कार केला तरी आदर पोचतो. आजी-आजोबांनी रागावू नये. नातवाने मनाने येऊन मारलेल्या मिठीची गोडी वेगळीच असते.

३) गंमत आणि गुपित यांतला फरक सांगा. आईच्या वाढदिवसाची गंमत चार दिवसांनी उघडते, सगळे हसतात. “आईला सांगू नकोस” असं कुणी म्हणालं तर ते गुपित, आणि ते त्याच दिवशी आईला सांगायचं. कुणीही म्हणालं तरी.

४) पाच बोटांची पाच माणसं मुलाकडूनच ठरवून घ्या. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं, ऐकेपर्यंत सांगायचं. यादी मूल करेल, तुम्ही नको. कुणाचं नाव त्यात नाही, तेही बघा.

५) घराचा एक परवलीचा शब्द ठेवा. शाळेतून न्यायला दुसरं कुणी आलं तर मुलाने तो विचारायचा. शब्द सांगता आला नाही तर परत शाळेत जायचं. ओळखीचे काका असले तरी.

६) मोबाईलवरच्या खेळात अनोळखी माणसं बोलतात, फोटो मागतात. फोन हिसकावून घेऊ नका. हिसकावला तर पुढच्या वेळी मूल सांगणार नाही. “कुणी विचित्र बोललं तर मला दाखव, मी रागावणार नाही” असं आधीच सांगून ठेवा आणि तसं वागा.

७) मूल एखाद्या ठिकाणी जायला अचानक नको म्हणायला लागलं, अंथरूण ओलं करायला लागलं, झोपेत दचकायला लागलं, तर लगेच नाटकं म्हणू नका. कारण साधंही असेल. पण विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

*मंडळात आणि वठारात काय करायचं*

आपल्या मंडळाने हे नियम केले आहेत. दुसऱ्या गावच्या मंडळांनीही करावेत ही विनंती.

मुलांचा वर्ग दोन मोठी माणसं घेतील, त्यांत एक बाई असेलच. दार उघडं राहील. सामानाच्या खोलीत मुलांना कामाला पाठवायचं नाही. कुणा एकट्या सेवेकऱ्याने मुलाला गाडीवरून नेऊ-आणू नये. उत्सवात मुक्काम असला तर मुलं आपल्या आईजवळ किंवा आज्जीजवळच झोपतील. मुलांचे फोटो त्यांच्या नावासकट ग्रुपवर टाकायचे नाहीत. दोन अक्का आणि एक काका यांची नावं फलकावर लिहिली आहेत, मूल किंवा पालक त्यांना कधीही सांगू शकतात. आणि शेवटचा नियम सगळ्यात मोठा. तक्रार आली की मंडळ बैठक घेऊन ती मिटवणार नाही. त्याच दिवशी फोन करणार.

वठारासाठी एक साधं काम. शिफ्ट बदलायच्या वेळी कुणाची मुलं कुणाकडे असतात, याचा कागद करा. चार घरांनी वार वाटून घ्या. त्या वारी त्या घरातल्या एका माणसाने दोन तास अंगणात खुर्ची टाकून बसायचं, निवडायचे तांदूळ घेऊन बसलं तरी चालेल. पगार-शिफ्टवाल्या आईला त्याने किती धीर येतो ते विचारून बघा.

ग्रामपंचायतीत मुलांची मक्कळ ग्रामसभा भरते. तिथे आपली मुलं पाठवा. कुठली गल्ली अंधाराची आहे, शाळेतल्या कुठल्या संडासाला कडी नाही, हे मुलांइतकं मोठ्यांना माहीत नसतं.

*मूल सांगेल तेव्हा*

आज्जीसारखं वागा. हातातलं काम चालू ठेवा, आवाज चढू देऊ नका. चार वाक्यं पाठ करून ठेवा. “सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काहीच चूक नाही. आता मी बघते.” पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, नातेवाइकांपुढे बोलायला लावू नका, आणि त्या माणसासमोर उभं तर कधीच करू नका.

१०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, मूल स्वतःसुद्धा लावू शकतं. तातडी असेल तर ११२. आजच घडलं असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, थेट दवाखान्यात न्या. सरकारी असो की खासगी, त्यांना फुकट प्रथमोपचार करावेच लागतात, ‘आधी पोलीस केस करून या’ असं म्हणता येत नाही.

पॉक्सो नावाचा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. मुलगा-मुलगी दोघांनाही, अठराच्या आतल्या प्रत्येकाला. असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मनापासून, चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायदा राखतो. मुलाला पोलीस ठाण्यात जावं लागत नाही, त्याला बरं वाटेल तिथे अधिकारी येतात, शक्यतो बाई, आणि गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचं नाव, शाळा, घर छापता येत नाही. हे सगळं आम्हाला तेव्हा माहीत असतं तर ते दोन दिवस गेले नसते. निदान न माहीत असण्याची सबब तरी उरली नसती.

*शेवटी*

नाव राखायचं की लेकरू राखायचं, असा प्रश्न आमच्यापुढे आला तेव्हा आम्ही दोन दिवस नाव राखलं. ज्या नावासाठी लेकराला गप्प करावं लागतं, ते नाव गुरूचं असू शकत नाही, एवढं आता कळलं.

ते लेकरू आता कधी कधी आज्जीबरोबर गुरुवारी येतं. ओसरीच्या कडेला, चपलांजवळ बसतं, वाटलं तर मध्येच उठून जातं. कुणी अडवत नाही. मागच्या गुरुवारी एका काकांनी पुढे होऊन त्याच्या हातावर प्रसाद ठेवायला हात केला. ते म्हणालं, “नको.” काकांनी हात मागे घेतला, “बरं बाळा” म्हणाले आणि ताट खाली ठेवून पुढे गेले. थोड्या वेळाने त्याने स्वतःच ताटातला पेढा उचलला.

या आठवड्यात प्रत्येक घराने एकच करा. मुलाला जवळ घेऊन विचारा, तुझ्या पाच बोटांची माणसं कोण? आणि उत्तर ऐकून घ्या.

आपले,
सत्संग मंडळाचे सेवेकरी, बेलूर 🙏